पोथी राहिली, किल्ली हरवली

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकांच्या जाळ्याविषयी लिहावे, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. 'हा विषय अभियांत्रिकीवाल्यांचा, तू आपली ज्ञानेश्वरी बघ,' असे एका मित्राने मला ऐकवलेही. त्याचे म्हणणे मला पटले नाही. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, ग्रंथालयातील देवघेव, प्राध्यापकांचा पगार ही सारी कामे आज या जाळ्यातून चालतात. ज्या गोष्टीवाचून आपले एक दिवस चालत नाही तिच्याविषयी अडाणी राहायचे, आणि ती बिघडली की खिडकीपलीकडून येणारे 'सर्व्हर डाऊन आहे' हे तीन शब्द ऐकून मुकाट घरी परतायचे, हे सुशिक्षिताला शोभणारे नव्हे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विषय नीट मांडतो. संगणकाच्या व्यवहारात दोन प्रकारची माहिती असते. पहिली आपण भरलेली: विद्यार्थ्यांची नावे, गुण, पुस्तकांची यादी, फीच्या पावत्या. दुसरी माहिती अशी की, ही पहिली माहिती कोणत्या वाटेने कोठे जावी आणि कोठे जाऊ नये. इमारतीच्या एखाद्या कोपऱ्यात, बहुधा जिन्याखाली, एक पेटी धूळ खात दिवे लुकलुकवीत असते. तिला राऊटर म्हणतात; तिच्या भावंडांना स्विच म्हणतात. कार्यालयातील कोणत्या संगणकाचा पत्ता कोणता, ग्रंथालयाचे यंत्र कोणाशी बोलणार, विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतून परीक्षा विभागाच्या यंत्रापर्यंत कोणाला पोहोचता येऊ नये, बाहेरच्या जगाचे दार कोणते आणि त्याचे कुलूप कोणते, हे सारे त्या पेट्यांत कोणीतरी बसून लिहिलेले असते. बोलताना आपण त्याला 'सेटिंग' म्हणतो. मी येथे 'मांडणी' हा शब्द वापरतो. एका पेटीची मांडणी म्हणजे बहुधा काही शे ओळींचा साधा मजकूर. या वार्षिकांकातील एखाद्या कथेपेक्षा तो मोठा नसतो.

माझा मुद्दा या मजकुराविषयीच आहे. पहिल्या माहितीची नक्कल ठेवावी हे आता सर्वांना पटले आहे. दुसरीची नक्कल ठेवायची असते, हे मात्र फार थोड्यांच्या गावी आहे. आणि दुसरी गेली तर पहिली असून नसल्यासारखी होते.

शहरातील एका जुन्या ग्रंथालयात मी अभ्यासासाठी जात असे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी ग्रंथालये आणि कार्यालये गल्लोगल्ली आहेत. जूनच्या पहिल्या वादळात वीज कडाडली आणि तेथील राऊटर जळाला. पुस्तकांच्या यादीच्या तीन प्रती कपाटात कुलपाखाली सुरक्षित होत्या. नवी पेटी दोन दिवसांत आली. तरीही सूची तीन आठवडे बंद राहिली. नव्या पेटीला जुन्या पेटीचे काहीच ठाऊक नव्हते. सूचीचे यंत्र ज्या पत्त्यावर उत्तर देई तो पत्ता कोणी टिपून ठेवला नव्हता. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीशी जोडणी करण्याचा परवलीचा शब्द कोणालाच माहीत नव्हता. जुनी कार्डसूची तर संगणक आला त्याच वर्षी रद्दीत गेली होती. मी चौकशी केली तेव्हा तेथील वयस्कर लिपिक म्हणाले, "त्या पोराले मालूम होतं जी सारं. तो तं आता पुण्याले गेला." त्या तीन आठवड्यांत गडचिरोलीकडून आलेली एक संशोधक विद्यार्थिनी दोनदा रिकाम्या हाताने परत गेली. पुस्तके शेल्फवर होती, यादी कपाटात होती, वाचक दारात होता. मधली वाट तेवढी पुसली गेली होती.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्या विदर्भाच्याच मातीत ती सातशे वर्षांपूर्वी घडून गेली आहे. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास रिद्धपूर येथे श्रीचक्रधरांच्या आठवणी गावोगाव फिरून, पारखून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. ग्रंथ वाचला खरा, पण प्रत्येकाच्या स्मरणाप्रमाणे पाठ निरनिराळे झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून १९७८ मध्ये 'लीळाचरित्रा'ची जी आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागे किती कष्ट असतील याची कल्पना पाठभेद पाहणाऱ्याला सहज येईल. एकच प्रत ठेवण्याची किंमत अशी पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते.

याच परंपरेत दुसरा धडाही आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या मठांतून जपल्या गेल्या, त्यांची पूजा झाली, नकला झाल्या. पण लिपीची किल्ली पंथाबाहेर कोणाकडे नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी तिचा उलगडा केला, तोपर्यंत हे भांडार बाहेरच्या मराठी अभ्यासकाला जवळजवळ मुके होते. म्हणजे शब्द जपणे पुरेसे नसते; तो वाचण्याची किल्लीही जपावी लागते. जिन्याखालच्या पेटीतील मांडणी ही आपल्या काळाची किल्ली आहे. पंथाने आपली किल्ली समजून-उमजून गुप्त ठेवली होती. आपण ती निष्काळजीपणाने हरवतो, एवढाच फरक.

यंत्राच्या स्वभावातील एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. यांतील अनेक पेट्यांना दोन स्मृती असतात: एक चालू आणि एक कायमची. मांडणीत बदल केला की तो चालू स्मृतीत ताबडतोब लागू होतो आणि काम सुरू होते. पण तो कायमच्या स्मृतीत उतरवण्यासाठी निराळी आज्ञा द्यावी लागते. ती द्यायची राहिली तर महिनोन्महिने काही बिघडत नाही. एके दिवशी वीज जाते, आणि परत येते तेव्हा पेटी जुन्याच मांडणीने उठते. मधल्या काळात केलेले सारे बदल हवेत विरतात. ज्या शहरात मे महिन्यात पंख्याकडे पाहत रात्र काढावी लागते, तेथे हा बारकावा केवळ पुस्तकी समजू नये.

आता प्रश्न येतो माणसांचा. २००८ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या महापालिकेचे सारे जाळे तेथील एका अभियंत्याच्या मुठीत सापडले. परवलीचे शब्द फक्त त्याला ठाऊक होते. काही यंत्रे त्याने अशी बांधून ठेवली होती की, दुसऱ्या कोणी बळेच शिरण्याचा यत्न केला तर त्यांतील मांडणीच पुसली जावी. वरिष्ठांनी शब्द मागितले, त्याने दिले नाहीत. त्याला अटक झाली. अखेर तुरुंगात भेटायला आलेल्या महापौरांनाच त्याने ते सांगितले. २०१० मध्ये त्याला दोषी ठरवून ४ वर्षांची शिक्षा झाली. गंमत अशी की, या सबंध काळात जाळे बिनतक्रार चालू होते. यंत्र चालू असणे आणि ते आपल्या हाती असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या शहराला फार उशिरा उमगले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या माणसाने हट्ट केला. आपल्याकडे बहुधा हट्ट नसतो, व्यवस्थेचा अभाव असतो. म्हणून 'पुण्याला गेलेल्या पोरा'ला दोष देण्याआधी थोडे थांबावे, असे मला वाटते. तो अकरा महिन्यांच्या करारावर होता. दर वर्षी करार वाढेल की नाही या चिंतेत त्याने दिवस काढले. त्याच्याजवळ पद नव्हते, निवृत्तिवेतन नव्हते. होते ते एवढेच की, काही गोष्टी फक्त त्याला येत होत्या. ते ज्ञान वहीत उतरवून देणे म्हणजे आपल्या हाताने आपली खुर्ची काढून देणे, असे त्याला वाटले असेल तर ती त्याची कृतघ्नता म्हणता येईल का? शिवाय त्याला कोणी ते लिही म्हणून सांगितलेही नव्हते. लिहिण्यासाठी वेळ दिला नव्हता, वही दिली नव्हती. ज्याच्या डोक्यात संस्थेची किल्ली आहे त्याला आपण रोजंदारीच्या भावात ठेवतो, आणि तो गेल्यावर किल्ली गेली म्हणून गळा काढतो. मांडणीची नक्कल ठेवणे हा म्हणूनच केवळ यंत्राचा प्रश्न उरत नाही. राबणाऱ्या माणसाशी आपण कसे वागतो, याचाही तो प्रश्न आहे.

'मोठ्या संस्था हे सारे नीट करतात, आपण लहान आहोत,' असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. वस्तुस्थिती तशी नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या होत्या. दोन्ही एकाच वेळी डळमळल्या. त्यानंतर माहिती साठवणाऱ्या जाळ्याने पर्यायी यंत्रणेकडे सुरळीत वळायला हवे होते. तेही घडले नाही. विक्रेत्याने बसवलेली वळण्याची व्यवस्था आपण मागितलेल्या आराखड्याबरहुकूम नव्हती, असे बाजाराने नंतर सांगितले. पैशाला तोटा नव्हता, तज्ज्ञांना तोटा नव्हता. कागदावर एक मांडणी होती आणि यंत्रात दुसरी.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे ६ तास बंद पडले. नेहमीच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारे आतले जाळेच तोडले. आज्ञा तपासून रोखण्यासाठी जे साधन होते त्यातच दोष निघाला. दुरुस्तीची नेहमीची साधने त्याच तुटलेल्या जाळ्यावर चालत असल्याने तीही निकामी झाली. अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले. विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर विहिरीतच ठेवावा, तसा हा प्रकार. मांडणीची नक्कल त्याच यंत्रात किंवा त्याच जाळ्यावर ठेवून 'आमच्याकडे नक्कल आहे' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

सहा तास गप्पा बंद राहिल्या तर जग बुडत नाही, हे मान्य. पण मांडणी आणि तिची नोंद यांची फारकत कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण आपल्या देशात आहे, आणि रेल्वेच्या गावात राहणाऱ्या आपण ते विसरू नये. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्सप्रेस चुकीच्या मार्गावर वळली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळले की, सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेल्या फेरफारात त्रुटी राहिल्या होत्या, आणि जोडणीच्या पेटीतील तारांवरच्या चिठ्ठ्या प्रत्यक्षाशी जुळत नव्हत्या. तारा एक सांगत होत्या, चिठ्ठ्या दुसरेच सांगत होत्या, आणि नंतर काम करायला आलेल्या माणसांनी चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला. कारकुनी म्हणून आपण ज्या नोंदींची हेटाळणी करतो त्या नोंदींवर माणसांचे जीव टांगलेले असतात.

मग करावे काय? मला सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत. पहिली, प्रत्येक पेटीच्या मांडणीची नक्कल दर बदलानंतर घ्यावी, आणि तिच्यावर तारीख, बदलाचे कारण व करणाऱ्याचे नाव लिहावे. आपले जुने पोथीलेखक शेवटी शक, स्थळ आणि आपले नाव नोंदवीत. त्यामुळे कोणती प्रत जुनी आणि कोणती नवी हे शतकांनंतरही कळते. जुनी नक्कल पुसून तिच्यावर नवी ठेवू नये. बदल चुकीचा निघाला तर मागे परतण्याची वाट उरली पाहिजे.

दुसरी, निदान तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक कागदावर छापलेली आणि एक निराळ्या इमारतीत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरील फायलींचे ढिगारे राख झाले. एकाच छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती आगीच्या दृष्टीने एकच असतात.

तिसरी, या नकलेत परवलीचे शब्द आणि कुलपांची रचनाही असते. तेव्हा ती सूचनाफलकावर लावण्याची वस्तू नव्हे. लाखबंद लिफाफ्यात प्राचार्यांकडे एक आणि दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे एक, अशी ती असावी. गुप्तता असावी, पण एकट्या माणसाची मक्तेदारी नसावी.

चौथी, विक्रेत्याशी करार करतानाच अट घालावी की, मांडणीची पूर्ण नक्कल आणि परवलीचे शब्द संस्थेच्या हाती आल्याखेरीज शेवटचा हप्ता मिळणार नाही. यंत्र विकत घ्यायचे आणि त्याची किल्ली विक्रेत्याच्या खिशात ठेवायची, हा कोणता व्यवहार?

पाचवी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. नक्कल आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तिच्यावरून जाळे खरोखर उभे राहते का, हे करून पाहावे. जुनी पेटी बाजूला ठेवावी, दुसरी जोडावी, आणि ज्याने मूळ मांडणी केली नाही अशा माणसाच्या हाती ती वही द्यावी. त्याला ते जमले तर नक्कल खरी. नव्या पेटीचा नमुना किंवा तिची आज्ञावली निराळी असेल तर जुन्या ओळी जशाच्या तशा चालत नाहीत, हेही तेव्हाच कळते. आग लागल्यावर बंबाला पाणी आहे का हे पाहण्यात अर्थ नसतो.

याला मुहूर्तही आपल्याकडे तयार आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रांची, अवजारांची, यंत्रांची पूजा करतो. कार्यालयातील संगणकाला हळदकुंकू लागते, वर झेंडूचे फूल चढते. त्या फुलाला माझी हरकत नाही. पण त्याच सुमारास, सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, महाविद्यालयाने आपल्या जाळ्याची नक्कल ताजी करावी आणि ती उघडून, वापरून पाहावी. यंत्राची याहून चांगली पूजा मला तरी ठाऊक नाही.

यात आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी काय करावे, असा प्रश्न राहतो. मांडणीचा मजकूर यंत्राच्या भाषेत असतो. पण ही ओळ का लिहिली, हा दरवाजा का बंद ठेवला, हे माणसाच्या भाषेत लिहावे लागते. तंत्रज्ञाला पुष्कळदा त्याचा कंटाळा असतो किंवा ते नीट लिहिता येत नाही. त्याच्याशेजारी बसून, त्याला प्रश्न विचारून, दुसऱ्याला कळेल अशा स्वच्छ मराठीत ते लिहून काढणे हे काम आपले आहे. पाठ ताडणे, प्रतींची तारीख ठरवणे, संदिग्ध वाक्य दुरुस्त करणे हेच तर आपण येथे शिकतो. म्हाइंभटांनी दुसरे काय केले? ते ऐकलेले गावोगाव पडताळत गेले आणि त्यांनी ते सर्वांना कळेल अशा बोलीत उतरवले.

प्राध्यापकवर्गाला एक नम्र विनंती करतो. पुढील वर्षी प्रकल्प देताना एखाद्या तुकडीला हा विषय द्यावा: आपल्याच इमारतीतील जाळ्याची वही तयार करणे. गोपनीय भाग अर्थातच प्राचार्यांच्या देखरेखीखाली राहील. काम संपल्यावर त्या वहीच्या पहिल्या पानावर करारावरच्या तंत्रज्ञाचे नाव लेखक म्हणून छापावे, आणि त्या कामाचे वेगळे मानधन त्याला द्यावे. ज्ञान लिहून दिल्याने खुर्ची जात नाही, उलट मान मिळतो, असा अनुभव एकदा त्याला येऊ द्या. मग तो पुण्याला गेला काय किंवा आणखी कोठे गेला काय, खिडकीशी आलेल्या विद्यार्थ्याला परत जावे लागणार नाही.